हात सोन्याचे, पण अ‍ॅटिट्यूडचं काय?

मी समुपदेशक. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचे फोन मला येतात ते ऐन हिवाळ्यात. मुलगा पंधरा वर्षांचा, वर्ष ड्राफ्टचं, म्हणजे संघांनी मुलं निवडण्याचं, आणि कुणीतरी कानावर घातलेलं असतं, ‘हात सोन्याचे आहेत, पण पोराच्या अ‍ॅटिट्यूडचा प्रश्न आहे.’ मग मला विचारतात, यामुळे तो कितव्या फेरीपर्यंत घसरेल आणि तोवर हे सुधारता येईल का?

ही हॉकी बर्फावरची. इथल्या ओएचएल या ज्युनिअर लीगमधले वीस संघ दरवर्षी पंधरा फेऱ्यांमध्ये मुलं निवडतात. निवडलेला मुलगा पुढे सोळाव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावात, एखाद्या अनोळखी कुटुंबात राहायला जाऊ शकतो. अठराव्या वर्षी एनएचएलचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट येतो: बत्तीस संघ, सात फेऱ्या. पूर्वी ओएचएलमध्ये खेळलं की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. ऑगस्ट २०२५पासून तो नियम बदलला आहे. आपल्या मराठी पालकांचा निम्मा जीव शिक्षणातच अडकलेला असतो, म्हणून हे पहिल्या भेटीतच सांगून टाकते.

ध्रुवचे आईबाबा टोरोंटोजवळच्या मिसिसॉगाकडचे, मूळ नाशिकचे. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला ध्रुवची आणि घरच्यांची परवानगी आहे.) बाबा तयारीनिशी आले होते. “मॅडम, टॅलेंट असलं की संघ सगळं पोटात घालतात. जॉश हो-सँगबद्दल काय काय बोलत होते लोक! तरी २०१४ला एनएचएलच्या आयलँडर्स संघाने पहिल्या फेरीत घेतलाच ना, अठ्ठाविसावा?”

घेतला, खरं आहे. पण पुढच्या वर्षी संघाच्या सराव कॅम्पच्या पहिल्याच दिवशी तो झोपून राहिला, उशिरा पोचला आणि संघाने त्याला ज्युनिअर लीगला परत धाडलं. एनएचएलमध्ये त्याचे सामने झाले त्रेपन्न. यातून टॅलेंट हरलं की अ‍ॅटिट्यूड, हे मी सांगू शकत नाही आणि बाबांनीही सांगू नये असं मला वाटत होतं.

आईची भीती वेगळी होती. तिने शेन राइट या खेळाडूची क्लिप पाहिली होती. २०२२च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये मॉन्ट्रियलचा संघ त्याला पहिला घेईल असं बरेच जण धरून होते. त्यांनी स्लाफकोव्स्की या दुसऱ्या मुलाला घेतलं आणि राइट चौथा गेला. स्टेजकडे जाताना त्याने मॉन्ट्रियलच्या टेबलाकडे रोखून पाहिलं म्हणे. तसं काही नव्हतं, असं तो स्वतः म्हणाला, पण काही सेकंदांच्या त्या व्हिडिओवरून लोकांनी त्याचा अख्खा स्वभाव ठरवला. “माझ्या पोराचं असं झालं तर?” ही भीती मला रास्त वाटली.

म्हणून मी दोघांनाही विचारलं की नक्की कुणी, कधी, काय पाहिलं आणि ते कुणाशी वागताना. बाबांना हे प्रश्न आवडले नाहीत. त्यांना उपाय हवा होता.

पुढे ध्रुवशी बोलले, आणि त्याने होकार दिल्यावर कोचशीही. दोन गोष्टी सगळ्यांनीच सांगितल्या. शिफ्ट (बर्फावर उतरून खेळायची छोटी पाळी) वाईट गेली की बेंचवर येऊन स्टिक आपटतो. पक (बर्फावरची चकती) हातचा गेला की मागे बचावाला जीव तोडून पळत नाही. दुसरी गोष्ट मी कोचकडेच ठेवली. ध्रुवचा जन्म डिसेंबरचा. ड्राफ्टचा हिशेब जन्मवर्षावर चालतो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या, त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांच्या मोजपट्टीनेच त्याला मोजतात. दम कमी पडणं आणि मन नसणं गॅलरीतून सारखंच दिसतं.

स्टिकचं कारण ध्रुवनेच सांगितलं. प्रत्येक शिफ्टनंतर तो काचेपलीकडे बाबांकडे बघायचा. बाबा हातवारे करायचे. नंतर गाडीत घरी येईपर्यंत सामन्याचं पोस्टमॉर्टेम. मी एवढंच सुचवलं की घरी पोचून जेवण होईपर्यंत हॉकीचा विषय नको, आणि बाबांनी रिंकच्या दुसऱ्या टोकाला बसावं. मुलाला हे लगेच जमलं. बाबांना महिना लागला, आणि त्यांच्या तक्रारी ऐकण्यात माझा बराच वेळ गेला. स्टिक आपटणं पूर्ण थांबलं नाही, कमी झालं.

तिसरी गोष्ट आई निघताना दारात सहज बोलून गेली होती. टीमच्या ग्रुप चॅटवर दुसऱ्या गोलीची, म्हणजे राखीव गोलकीपरची, थट्टा चालते, ध्रुव त्यात पुढे असतो. “लॉकर रूममधली मस्करी ती,” बाबा म्हणाले आणि जॅकेटची चेन लावू लागले.

मला खटकली ती हीच. स्टिक आपटणारा मुलगा स्वतःवर चिडलेला असतो आणि त्यावर काम करता येतं. सामन्याला क्वचितच उतरणाऱ्या, उलट उत्तर न देणाऱ्या मुलाला रोज टोचण्यात मजा वाटणं ही वेगळी गोष्ट आहे. मी संघाची माणूस नाही, पण असते तर पहिल्याला मधल्या फेरीत बिनधास्त घेतलं असतं आणि दुसऱ्याबद्दल दहा ठिकाणी फोन केले असते. संघांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट ते करतातच. कोचला विचारतात, शिक्षकांना विचारतात, मुलगा ज्या घरी राहतो त्यांनाही विचारतात.

बाबांना ड्राफ्टची भाषा कळते, म्हणून त्यांना मी मिचेल मिलरचं प्रकरण सांगितलं. शाळेत असताना त्याने एका अपंग कृष्णवर्णीय वर्गमित्राचा छळ केला होता. २०२०मध्ये एनएचएलच्या ॲरिझोना संघाने त्याला चौथ्या फेरीत घेतलं, बोंबाबोंब झाल्यावर त्याच महिन्यात त्याच्यावरचा हक्क सोडला. २०२२मध्ये बॉस्टनने करार केला आणि दोन दिवसांत अंग काढून घेतलं. ध्रुवचं वागणं त्याच्या आसपासचंही नव्हतं, हे मी तेव्हाच स्पष्ट केलं. बाबा गप्प झाले. नंतर विचारलं, “ते मेसेज डिलीट करायचे का?”

ध्रुवला यातलं काही मी सांगितलं नाही. ड्राफ्टच्या भीतीने सुधारलेली वागणूक ड्राफ्ट होईपर्यंत टिकते. त्याला फक्त त्याचेच मेसेज मोठ्याने वाचायला सांगितले. दोन वाचले, तिसऱ्याला थांबला. “पण तोही हसायचा,” म्हणाला. तो का हसत असेल, यावर आम्ही बराच काळ बोललो. मधे एकदा ध्रुवने स्वतःच सांगितलं की बाबांनी गाडीत त्याची नक्कल केली की तोही हसतो. हे बाबांना सांगू का, असं मी विचारलं. नको म्हणाला. नाही सांगितलं. ऑन्टॅरिओत उपचाराच्या संमतीला किमान वय नाही. मुलाला गोष्ट समजत असेल तर शब्द त्याचाच. (पुढे त्याने स्वतःच घरी सांगितलं, म्हणून इथे लिहिता येतंय.) पालकांना हे पचायला जड जातं. फी आम्ही भरतो, मग आत काय बोललात ते आम्हाला का नाही?

बाबांनी आणखी दोन गोष्टी मागितल्या होत्या. ‘समुपदेशन पूर्ण, आता प्रश्न नाही’ अशा अर्थाचं पत्र संघांना दाखवायला, आणि मुलाखतीत म्हणायला एक उत्तर, ‘मी कसा बदललो’. दोन्हींना नकार दिला. मुलाखत घेणाऱ्यांनी अशी पाठ केलेली उत्तरं पोत्याने ऐकलेली असतात. ध्रुवला मी म्हटलं, विचारलं तर घडलं ते सांग, आणि जे अजून जमत नाही तेही सांग.

त्याने त्या गोलीची समोरासमोर माफी मागितली. त्या मुलाने मान हलवली आणि पॅड बांधत राहिला. मैत्री वगैरे झाली नाही. चॅटवरची थट्टा बंद झाली की दुसऱ्या ग्रुपवर गेली, ते मला माहीत नाही.

ध्रुवची निवड झाली, बाबांच्या अंदाजापेक्षा बरीच खाली. त्या फेऱ्या कोचच्या तोंडामुळे गेल्या असं त्यांचं ठाम मत आहे. मला ते वय आणि उंचीचं गणित वाटतं. यावर आमचं अजून जमलेलं नाही. आईचा मध्यंतरी फोन आला, तो मात्र दुसऱ्याच कामासाठी. ध्रुव ज्या घरी राहायला जाणार आहे तिथल्या बाईंना वरणभात कसा करायचा ते लिहून पाठवायचं होतं, आणि त्यांना कुकर माहीत नव्हता.