वडिलांना २४ तासांचा होल्टर लावायचा आहे, घरच्यांनी काय काळजी घ्यावी?

तुमचे वडील ६८ वर्षांचे, खानापूर तालुक्यात राहतात, मधूनच छातीत धडधडतं, ईसीजी नॉर्मल आला आणि आता बेळगावच्या डॉक्टरांनी होल्टर (छातीला पट्ट्या लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारं छोटं मशीन) सांगितलाय, असं तुम्ही लिहिलंय. ईसीजी नॉर्मल आला म्हणून धडधड खोटी ठरत नाही. साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला लाखभर होतात, त्यातले दहा-बाराच त्या कागदावर येतात. होल्टर सगळे टिपतो.

मशीन शॉक देत नाही, हे आधी वडिलांना सांगा. आणि घरात सगळ्यांना हेही सांगा की होल्टर लावला म्हणजे दवाखान्यात कोणी समोर बसून ठोके बघतंय असं नसतं. नोंद मशीन परत दिल्यावरच वाचली जाते. त्या काळात शुद्ध हरपली, छातीत दुखून घाम फुटला, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर २४ तास पुरे व्हायची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

जायच्या दिवशी सकाळी साबणाने अंघोळ घाला, कारण मशीन काढेपर्यंत छातीला पाणी लागता कामा नये. अंगाला तेल, पावडर, बाम काही नको. त्याने चिकटपट्टी सुटते, तशीच छातीवरच्या केसांनी आणि घामानेही. केस टेक्निशियनकडून काढून घ्या. वर पुढून बटणं असलेला सैल शर्ट असू दे. दोन-तीन जादा पट्ट्या आणि कागदी टेप मागून घ्या. पट्टी निघाली तर जागा कोरडी पुसून त्याच जागी लावा, वायरींची अदलाबदल करू नका आणि वेळ लिहून ठेवा. सैल पट्टीमुळे रेघ अशी थरथरते की गंभीर बिघाडच वाटावा. दात घासताना हात हलला तरी तसं होतं. वेळ लिहिलेली असली की डॉक्टर तेवढा भाग बाजूला ठेवतात. मोबाईल शर्टाच्या खिशात नको, मशीनपासून निदान अर्धा फूट लांब ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन लावलंय म्हणून वडिलांना दिवसभर खाटेवर बसवू नका. रोजच्यासारखं शेताकडे जाऊ द्या, जिना चढू द्या, चहा पिऊ द्या. धडधड ज्या कामात होते ते काम त्या दिवशी झालंच नाही, तर नोंद स्वच्छ येईल आणि तपासणी वाया जाईल. घाम फार येईल असं काम तेवढं टाळा. तंबाखू किंवा मिश्री असेल तर तिचीही वेळ लिहा, निकोटीनने ठोके वाढतात. ठोके हळू करणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका. ती अचानक सोडली की ठोके उसळतात.

वहीशिवाय होल्टर अर्धवट. "७.४०, गोठ्यात वैरण टाकताना धडधड, दोन मिनिटं, चक्कर नाही" एवढं पुरतं. मराठीत लिहा, वेळ मात्र मशीनच्या घड्याळाशी जुळवून घेतलेल्या घड्याळातलीच. मशीनला बटण असेल तर धडधड होताच दाबायचं आणि मगच वहीत लिहायचं. धडधड झाली त्याच मिनिटाला ठोके सुरळीत दिसले, तर तीही मोठी माहिती असते.

धडधड आठवड्यातून एकदाच होत असेल तर २४ तासांत ती सापडेलच असं नाही. ४८ तासांची किंवा सात दिवसांची नोंद करता येईल का, हे आधीच विचारा, म्हणजे दुसरी फेरी वाचेल. मशीन दुसऱ्या दिवशी परत द्यायचं असतं, त्यामुळे शनिवारी लावून घेण्याआधी रविवारी ते कोण घेणार हे ठरवून घ्या. सीमाभागात दवाखाना कधी बेळगावचा, कधी कोल्हापूरचा किंवा मिरजेचा असं होतं, म्हणून जुने सगळे ईसीजी एकाच फाईलमध्ये न्या.

रिपोर्टमध्ये झोपेतले ठोके ४०-५० दिसले तर लगेच घाबरू नका, झोपेत ते उतरतातच. थोडे चुकार ठोके बहुतेकांत सापडतात. विचारायचं ते हे: जागेपणी दोन ठोक्यांमध्ये ३ सेकंदांहून मोठा खंड आहे का, आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) आहे का. ते असेल तर हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, म्हणून वय, बीपी, शुगर बघून रक्त पातळ करणारी गोळी देतात. वॉरफरिन दिलं तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) बहुधा २ ते ३ मध्ये राखावा लागतो. ती तपासणी जवळपास कुठे होते ते तेव्हाच विचारून घ्या. आणि गोळी चालू असताना गुडघेदुखीसाठी गावात डायक्लोफिनॅकची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्याच्या औषधाआधी प्रत्येक डॉक्टरला रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव दाखवा.