नासकारचे 'चार्टर': परवाना, फ्रँचायझी की सनद?

अमेरिकेतील नासकार या स्टॉक कार शर्यतींवरील मराठी लेखात 'चार्टर' (संघाला प्रत्येक शर्यतीत जागेची हमी आणि उत्पन्नात वाटा देणारा करार) या शब्दासाठी 'परवाना' योजावा की 'फ्रँचायझी', असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते दोन्ही शब्द बाजूला ठेवून 'सनद' लिहावे.

परवाना नसेल तर ते काम करताच येत नाही. नासकारच्या सर्वोच्च अशा कप मालिकेत मात्र एका शर्यतीत जास्तीत जास्त 40 मोटारी उतरतात. त्यांतील 36 जागा चार्टरधारकांसाठी राखीव असतात आणि उरलेल्या जागांसाठी इतरांना धडपडावे लागते. 2025च्या उत्तरार्धात बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन आणि शर्यतपटू डेनी हॅमलिन यांचा ट्वेंटी-थ्री इलेव्हन आणि बॉब जेनकिन्स यांचा फ्रंट रो हे दोन संघ चार्टरविना धावलेच. फक्त जागेची हमी गेली आणि उत्पन्नातील वाटा घटला. म्हणजे चार्टर ही परवानगी नव्हे, तो हक्काचा लेख आहे.

'फ्रँचायझी' आयपीएलमुळे ओळखीचा झालेला शब्द आहे, पण त्यातून कायमच्या मालकीचा भास होतो, आणि सारा वाद नेमका त्यावरच होता. 2016मध्ये सुरू झालेली चार्टरे मुदतीची होती. मोटारी, अभियंते, कारखाना यांचा खर्च संघाने करायचा, बराचसा पैसा प्रायोजकांकडून उभा करायचा, आणि ज्या कागदावर हा डोलारा उभा आहे त्याची मुदत मात्र 1948पासून फ्रान्स आडनावाच्या कुटुंबाच्या हाती असलेल्या नासकारने ठरवायची, हे या दोन संघांना मान्य नव्हते. म्हणून 2024मध्ये त्यांनी नवा करार नाकारून मक्तेदारीविरोधी दावा दाखल केला.

'सनद' हा अरबीतून आलेला शब्द असून त्याच्या मुळाशी 'आधार', ज्यावर टेकावे ते, हा अर्थ आहे. आपल्याकडे इनामाची सनद असे, वकिलाला आजही सनद मिळते, आणि चार्टर्ड अकाउंटंटला आपण सनदी लेखापाल म्हणतोच. देणारा वरचा, घेणारा खालचा, मधे अधिकृत लेख, आणि देणाऱ्याने ती काढून घेण्याची शक्यता: हे सारे 'सनद' या एका शब्दात येते. संघमालकांची तक्रार याहून नेमकेपणाने सांगणारा दुसरा मराठी शब्द मला माहीत नाही.

डिसेंबर 2025मध्ये शार्लटच्या न्यायालयात खटला सुरू असतानाच तडजोड झाली आणि चार्टरांना 'एव्हरग्रीन' स्वरूप मिळाले. त्याचे भाषांतर 'सदाहरित सनद' असे करू नये. करारातील या शब्दाचा हिरवाईशी संबंध नसून मुदत न संपण्याशी आहे. 'वतन' हा शब्द मोहक वाटला, तरी त्यात गावच्या सेवेचे आणि वंशपरंपरेचे ओझे आहे, आणि चार्टर तर कोट्यवधी डॉलरना विकले जाते. म्हणून 'एव्हरग्रीन' चार्टरसाठी 'कायम सनद' लिहावे.