वर्ड्सवर्थचे डॅफोडिल्स नेमके कुठले?

प्रश्न: लेक मँचेस्टरला असते, एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. शाळेतली डॅफोडिल्सची कविता मला अजून पाठ आहे त्यामुळे लेक डिस्ट्रिक्टला जायचंच. टूरवाले ग्रासमीरचं घर दाखवून संध्याकाळी परत आणतात. ती फुलं तिथलीच का? आणि साठी उलटलेल्यांना झेपेल असं काही चालणं आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ग्रासमीरचं डव्ह कॉटेज बघाच, १७९९ ते १८०८ वर्ड्सवर्थ तिथे राहिला, पण कवितेतली फुलं तिथली नाहीत. ती अल्सवॉटर तळ्याच्या काठची, ग्लेनकॉइनच्या बाजूची. १५ एप्रिल १८०२ ला तो आणि त्याची बहीण डोरोथी त्या काठाने चालत घरी निघाले होते, वारा भयंकर होता, आणि डोरोथीने डायरीत लिहून ठेवलंय की काही फुलं दगडांवर उशीसारखी मान टाकून पडली होती नि बाकीची वाऱ्याबरोबर नाचत हसत होती. कविता झाली त्यानंतर साधारण दोन वर्षांनी, छापून आली १८०७ ला. म्हणजे आपण एकटा भटकणारा कवी म्हणून जो पाठ केला तो त्या दिवशी एकटा नव्हताच! शेवटच्या कडव्यातल्या मनाच्या डोळ्याबद्दलच्या दोन ओळी तर बायकोने, मेरीने सुचवलेल्या, हे त्याने स्वतःच सांगितलंय. मला तर हे कळल्यापासून कविता जास्तच आवडते, अख्ख्या घराची आहे ती. म्हणून एक आग्रह, डोरोथीची त्या दिवसाची नोंद फोनमध्ये घेऊन जा आणि तळ्याकाठी आधी ती, मग कविता, अशी मोठ्याने वाचा.

फुलं जंगली आहेत, बागेतल्या डॅफोडिलपेक्षा लहान आणि फिकट पिवळी, बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, तेव्हा महिन्याच्या सुरुवातीलाच जा.

आता चालणं. ग्रासमीर ते रायडल असा जुना कॉफिन रूट आहे, पूर्वी आसपासच्या वस्त्यांमधून शवपेट्या खांद्यावर घेऊन ग्रासमीरच्या चर्चला ह्याच वाटेने यायचे, पेटी टेकवायचा दगडही आहे. तीनेक किलोमीटर असेल, चढ थोडाच, पण दगड निसरडे असतात, बूट चांगले हवेत. पलीकडच्या टोकाला रायडल माउंट हे वर्ड्सवर्थचं नंतरचं घर, १८१३ पासून १८५० ला वारेपर्यंत तो तिथेच होता (घर उघडं असतं का ते निघण्याआधी बघून घ्या). शेजारच्या डोराज फील्डमध्ये त्याच्या लेकीच्या, डोराच्या आठवणीत लावलेले डॅफोडिल्स आहेत, ती १८४७ ला गेली. ही वाट टूरवाल्यांच्या नादात सोडू नका. हा माणूस टेबलाशी बसून लिहिणारा नव्हता, येरझाऱ्या घालत तोंडाने ओळी म्हणत रचायचा, आणि त्याच्या ओळखीतल्या डी क्विन्सी या लेखकाने तर अंदाज बांधला होता की तो जन्मभरात पावणेदोन लाख मैल तरी चालला असेल. पायाखालच्या वाटेवर त्या ओळी म्हणून बघा, ठेका आपोआप सापडतो, वर्गात तो मला कधीच सापडला नव्हता.

ग्रासमीरला जायला विंडरमीरपर्यंत ट्रेन आणि पुढे ५५५ नंबरची बस, अल्सवॉटरला मात्र पेनरिथहून जाणं सोपं. दोन्ही एका दिवसात कोंबू नका, एक मुक्काम कराच. रेनकोट हवाच, इंग्लंडातला सगळ्यात पावसाळी भाग आहे हा. आणि वाटेत शेतांची फाटकं लागतील, एप्रिलमध्ये आत मेंढ्यांची पिल्लं असतात, तेव्हा उघडलेलं फाटक आठवणीने लावून घ्या.