न बदललेले सूत्र पुन्हा कशाला मांडायचे?

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. एसएसएलसीच्या (कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेच्या) सरावासाठी भाच्याने एक वेबपान करून दिले आहे. डावीकडे लाटेकमध्ये (गणिताची सूत्रे साध्या अक्षरांत व खुणांत लिहिण्याच्या पद्धतीत) टंकले की उजवीकडे सूत्र दिसते. पहिले दहा-बारा प्रश्न भराभर होतात, पण चाळीसच्या पुढे गेले की प्रत्येक अक्षर उमटायला वेळ लागतो. शाळेचा संगणक विंडोज ७ चा आहे. तो बदलावा लागेल का?
– एक शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : बाई, संगणक बदलण्याची घाई करू नका. प्रश्न वाढतात तसा वेग घटतो, याचा अर्थ बहुधा एक अक्षर टंकताच उजवीकडचे सगळे पान पुसून नव्याने मांडले जात आहे. एकेचाळिसाव्या प्रश्नात तुम्ही स्वल्पविराम घातला, तरी तिसऱ्या प्रश्नातले वर्गसमीकरणाचे सूत्र, ज्याला कोणी हातही लावलेला नाही, ते वर्गमूळचिन्हाची रुंदी आणि अपूर्णांकाच्या रेषेची लांबी मोजण्यापासून पुन्हा घडते. ब्राउझर हे काम आणि तुमचे अक्षर उमटवण्याचे काम एकाच रांगेत करतो. म्हणून अक्षर ताटकळते.

भाच्याला सांगा, की प्रत्येक प्रश्न वेगळा धरून फक्त बदललेलाच प्रश्न मांडावा आणि एकदा तयार झालेले सूत्र त्याच्या मूळ मजकुरासह जपून ठेवावे. टंकणे थांबल्यावर २०० ते ३०० मिलिसेकंदांनी मांडणी करावी, हा उपाय पुष्कळ जण आधी करतात. पण तेवढ्यानेच भागवले, तर अडखळणे फक्त पुढे ढकलले जाते.

लाटेकमधली सूत्रे वेबपानावर मांडण्यासाठी मॅथजॅक्स या साधनाची जुनी दुसरी आवृत्ती वापरात असेल, तर २०१९ मध्ये नव्याने लिहिलेली तिसरी किंवा खान अकॅडमीने २०१४ मध्ये आणलेले केटेक हे तशाच कामाचे साधन घ्यावे. दोन्ही बरीच वेगवान आहेत. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे आणि मॅथएमएल (वेबपानात सूत्रे लिहिण्याची प्रमाणित खूणभाषा) स्वतः मांडण्याची सोय क्रोममध्ये त्याच आवृत्तीपासून आली. तुमचे क्रोम तिथवर अद्ययावत असेल, तर केटेककडून केवळ मॅथएमएल घेऊन मांडणी ब्राउझरवर सोपवता येईल. देखणेपणात थोडी उणीव राहील, पण सरावाला ती चालण्यासारखी आहे.

महिरपी कंस उघडून तुम्ही तो बंद करेपर्यंत सूत्र चुकीचेच असते आणि तेवढ्यात लाल अक्षरे झळकून जातात. त्या वेळी आधीचे बरोबर सूत्रच दिसत ठेवावे, म्हणजे पान वर-खाली उडणार नाही.