जावई रडला, पण कुणासाठी?

आक्का, नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. वय ५०. पत्र वाचून तुम्ही हसाल, तरी लिहितो.

१९८४ साली परभणीला कृषी महाविद्यालयात होतो. हॉस्टेलवर रूम पार्टनरच्या भावानं मस्कतहून कॅसेटी पाठवल्या, त्यात 'येस' नावाच्या इंग्लिश बँडची एक होती. शब्द काही कळायचे नाहीत, पण त्यातली बास गिटार ऐकली आणि मी तिथंच अडकलो. वाजवणारा क्रिस स्क्वायर. या नादाचे आम्ही तिघं मित्र. एक आता पुण्याला, एक हैदराबादला.

२७ जून २०१५ ला तिकडं अमेरिकेत तो गेला. ब्लड कॅन्सर, वय ६७. मित्राचा मेसेज आला तेव्हा मी सासुरवाडीला होतो, धोंड्याच्या जेवणाला. सासरे पौषात वारले, त्यांच्या माघारी हा पहिलाच धोंडा. मेसेज वाचला आणि ओसरीवर बसल्या जागी मला रडू फुटलं. सासूबाईंना वाटलं, सासऱ्यांची आठवण आली. पाठीवर हात ठेवून त्याही रडल्या. मेहुणे, त्यांच्या बायका, सगळेच. "जावई लेकापेक्षा मायाळू निघाला," म्हणाल्या. मी गप्प राहिलो. बायकोनं मात्र माझा मोबाइल पाहिला होता. परतताना ती एवढंच म्हणाली, "माझ्या बापाच्या मातीला तुमच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. त्या गोऱ्यासाठी रडलाव, अन् तेबी माझ्या बापाच्या नावावर." तेव्हापासून कामापुरतं बोलते.

इकडे पावसानं दडी मारलीय. मागचं साल तसंच गेलं. दुबार पेरणीच्या धास्तीनं शेतकरी दुकानात उधारीवर बियाणं मागायला येतात आणि मी काउंटरवर हेडफोन लावून बसलेला. स्वतःचीच लाज वाटते. सासूबाईंना खरं सांगून टाकू का? आणि आम्ही तिघांनी मिळून गावात श्रद्धांजली सभा घ्यावी, चौकात एक फ्लेक्स लावावा, असं मनात आहे. लोक वेड्यात काढतील का?

तुमचा एक वाचक

*

भाऊ,

हसले. खोटं कशाला बोलू? जावई गोऱ्यासाठी रडतोय आणि अख्खी सासुरवाडी त्याला धीर देतेय, हे वाचून कोण हसणार नाही? मग तुमच्या बायकोचं वाक्य आलं आणि हसू तिथंच थांबलं. त्या वाक्याकडं येतेच, त्याआधी सोपं ते उरकून घेते.

फ्लेक्स लावू नका. आपल्याकडच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गेलेला माणूस वरच्या कोपऱ्यात असतो आणि खाली 'शोकाकुल' म्हणून सगळा मित्रमंडळ गॉगल लावून उभा असतो. त्यात लांब केसांचा, हातात गिटार घेतलेला गोरा आणि खाली तुमचे तिघांचे पासपोर्ट फोटो. गाव वेड्यात काढणार नाही हो. गाव विचारील, हा कोणत्या पक्षाचा? आणि उत्तर द्यायला तुम्ही दिवसभर चौकात उभे.

दुष्काळाचंही लगेच सांगते. तुम्ही रडला नसतात तर मृगात पेरलेलं सोयाबीन तगलं असतं का? पाऊस नाही म्हणून माणसानं दुसऱ्या कशाचं दुःखच करू नये, असा हिशोब लावला तर मराठवाड्यात रडायला मुहूर्तच सापडायचा नाही. हेडफोनचं मात्र खरं आहे. उधारी मागणं मुळात अवघड असतं. समोरच्याच्या कानात बोंडं दिसली की माणूस विषय न काढता माघारी जातो. दुकानाच्या वेळात ते गल्ल्यात ठेवा.

आता, कधी न भेटलेल्या माणसासाठी रडावं का, हे. तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. २०१४ साली ४ जूनला परळीला गोपीनाथराव मुंडेंच्या अंत्यविधीला लोटलेली गर्दी आठवा. त्यातल्या किती जणांशी त्यांचं आयुष्यात एक वाक्य बोलणं झालं असेल? तरी माणसं धाय मोकलून रडत होती, आणि त्यांना कुणी 'तुमचं नातं काय' म्हणून विचारलं नाही. तो आपला माणूस होता, आपल्यासाठी झटला, असं तुम्ही म्हणाल. बरं. मग नामदेवांचं घ्या. हिंगोलीकडच्या नरसीचे म्हणून आपण त्यांना मिरवतो. ज्ञानेश्वर त्यांच्या ना रक्ताचे, ना जातीचे. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, त्या वियोगावर नामदेवांचे अभंगच्या अभंग आहेत आणि वारकरी ते आजही गातात. ते दोघं बरोबर चालले होते आणि तुम्ही स्क्वायरला डोळ्यांनी पाहिलंही नाही, हा फरक आहेच. पण ३१ वर्षं एकाच माणसाचा हात रोज कानाशी असणं, हेही काही थोडकं नाही.

पत्र आल्यावर भाच्याला लावायला सांगून मी तुमचा बँड ऐकला. मला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तरी तुम्ही कुठं अडकलात ते कळलं. बास म्हणजे तळाचा घुमारा, असं मला वाटायचं. साध्या टेपरेकॉर्डरवर तो ऐकूच येत नाही, कारण छोट्या स्पीकरला एवढा खालचा सूर झेपत नाही. हा बुवा नुसत्या बोटांनी छेडण्याऐवजी पिकनं, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीनं, वाजवायचा. त्यामुळं सुराला वरून धार यायची आणि ती हॉस्टेलच्या डबड्या टेपवरही पोचली असणार. भाच्यानं आणखी एक सांगितलं. त्याच्या गिटारला दोन पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे भाग, होते, आणि दोन्हींचा आवाज तो वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरमधून काढायचा. एक गुरगुरतोय, एक खणखणतोय, आणि वाजवणारा माणूस एकच. १९७१ च्या 'फ्रॅजाइल' अल्बममधलं 'राउंडअबाउट' हे गाणं ऐकताना मला गिटारवाला शोधावा लागला, बासवाला पुढं उभा होता.

त्याची कुंडलीही काढली. लहानपणी चर्चच्या गायनवृंदात गायचा. पुढं लंडनला वाद्यांच्या एका दुकानात नोकरीला लागला. १९६५ साली तिथूनच, नोकराला मिळते त्या सवलतीत, रिकनबॅकर कंपनीची बास घेतली आणि जन्मभर मुख्यतः तीच वाजवली. म्हणजे सुरुवात तुमच्यासारखीच, काउंटरमागून. १९६८ ला जॉन अँडरसन या गायकाबरोबर बँड उभा केला. मग माणसं आली, गेली, भांडली, परत आली. अँडरसनसुद्धा सुटला. तो होता तोवर निघालेल्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर असलेला माणूस एकच, हा. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बँड दौऱ्यावर निघाला, तो ४७ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशिवाय. ज्यांनी या बँडवर जीव लावला त्यांच्या पायाखालचं नेमकं काय सरकलंय, ते मला समजतं.

मग सासऱ्यांच्या वेळी डोळे कोरडे का राहिले? तुम्ही लिहिलं नाहीत, पण आपल्याकडचा जावई मयतीच्या घरी काय करतो ते मला ठाऊक आहे. सोयऱ्यांना फोन, लाकडं, गाड्या, तिसऱ्या दिवशी सावडायला जाणं, दहाव्याला घाटावर, तेराव्याचा आचारी आणि मंडप. हाताला उसंत नसते, घर माणसांनी भरलेलं असतं, आणि दुःख त्या धावपळीत वाटलं जातं. स्क्वायरचं काय? त्याच्या मातीला जाता आलं नाही. सावडणं नाही, दहावा नाही. 'स्क्वायर गेला' म्हटल्यावर दुकानात येऊन दोन मिनिटं शेजारी बसेल असं माणूस तुमच्या गावात नाही. ज्या दुःखाला भेटायला कुणी येत नाही ते असंच फुटतं, अवेळी, परक्याच्या ओसरीवर.

इथं एखादी शहाणी सल्लागार म्हणेल की ते अश्रू आतून सासऱ्यांचेच होते, तुम्हाला उमगलं नाही एवढंच. मी म्हणणार नाही. तुम्ही स्वच्छ लिहिलंय, ते स्क्वायरचे होते. बायकोलाही हे सोयीचं स्पष्टीकरण देऊ नका, ती एका घोटात ओळखेल.

आता तिचं वाक्य. तुम्ही त्याचा पहिला भाग धरून बसलात, टिपूस नव्हतं तो. मला दुसरा जास्त लागला: 'अन् तेबी माझ्या बापाच्या नावावर'. त्या संध्याकाळी ओसरीवर सगळे एकमेकांना धरून रडत होते. आईला वाटलं, नवऱ्याची आठवण काढणारं माणूस मिळालं. घरात एकटी तुमची बायको होती जिला खरं माहीत होतं. तिला आईबरोबर रडता येईना आणि आईला सांगताही येईना. बापाच्या घरी, बाप नसताना, तिला तुम्ही तुमच्या गुपिताची राखण करायला बसवलंत. ती गोऱ्यावर चिडलेली नाही. तुम्ही काय ऐकता याचं तिला सोयरसुतक तरी कधी होतं? एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं तुमचं संगीत हेडफोनच्या बाहेरूनच पाहिलंय.

तर तिच्याशी बोला. जेवताना नको, मुलांसमोर नको. गप्प राहिलो ते चुकलं, एवढं सांगा आणि पुढं 'पण' लावू नका. नंतर सासऱ्यांबद्दल बोला. तुमच्या अख्ख्या पत्रात ते फक्त 'वारले' एवढ्याच कामासाठी आलेत. ते काय पेरायचे, तुमच्याशी कसे वागायचे, लग्नात तुमच्यावर कशावरून रुसले, काही तरी असेलच. आठवत नसेल तर तिला विचारा आणि ऐकून घ्या. हे झाल्याशिवाय स्क्वायरचं नाव काढू नका. हॉस्टेल, कॅसेट, ते दोघं मित्र, हे त्यानंतरच्या एखाद्या दिवशी.

सासूबाईंना सांगायचं की नाही, हे तुम्ही मला विचारलंत, तिला विचारायला हवं होतं. आई तिची, बाप तिचा. ती सांगा म्हणाली तर जाऊन सांगा, मान खाली घालून. ती नको म्हणाली तर विषय तिथंच मिटला, मनाला कितीही टोचलं तरी. माझं मत विचाराल तर नको. खरं सांगून तुम्ही मोकळे व्हाल, आणि त्या माउलीला मात्र तो दिवस पुन्हा नव्यानं आठवावा लागेल, जावयाचा हात नसलेला. त्यापेक्षा जात राहा. धोंडा, दिवाळी, पंगत असलं काही निमित्त नसताना, बियाण्याच्या गाडीबरोबर त्या बाजूला गेलात की अर्धा तास ओसरीवर बसा आणि सासऱ्यांच्या गोष्टी त्यांना सांगू द्या. मायाळू म्हणून नाव मिळालंच आहे, आता ते पाळा.

सभेचं म्हणाल तर सभा नको, तिघं भेटा. हैदराबादवाला देवगिरीनं येईल, पुण्याचा पनवेल-नांदेडनं, परभणीला उतरतील. कुणाकडं तरी बऱ्यापैकी स्पीकर असलेली खोली बघा, मोबाइलवर नको. एक आख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लावा, मध्ये कुणी भाषण करायचं नाही. नंतर जेवायला बसा आणि हॉस्टेलच्या मेसला पोटभर शिव्या घाला. रडू आलं तर येऊ द्या, तिथं कुणी गैरसमज करून घेणार नाही.

जुन्या कॅसेटी अजून असतील तर थेट मशीनमध्ये घालू नका. आपल्याकडच्या एका ओल्या पावसाळ्यातसुद्धा फितीला बुरशी धरते, आणि एक बुरसटलेली कॅसेट मशीनचं हेड खराब करून पुढच्या चांगल्या कॅसेटीही बिघडवते. आधी उन्हाकडं धरून पांढरं काही दिसतंय का ते बघा.

आणि बायकोनं कधी आपणहून विचारलंच, 'काय ऐकतावं एवढं?', तर तिला बसवून ते १८ मिनिटांचं 'क्लोज टू द एज' लावू नका. 'राउंडअबाउट'सुद्धा आठ मिनिटांच्या वर आहे, त्यातलं सुरुवातीचं पुरे. तोंडानं समालोचन करू नका. नाही आवडलं तर नाही आवडलं. त्या गाणाऱ्याचा उंच आवाज मलाही फार टोचला, हे तिला माझ्या नावानं सांगितलंत तरी चालेल.

आक्का