समाज महामारी इतक्या लवकर विसरून पुढे कसा जातो?

विसरतंय कोण? बोलत नाही कुणी, एवढंच. का बोलत नाही ते मी आमच्याच घरात बघितलंय.

एप्रिल २०२१, नाशिक. महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २२ जण गेले, तोच महिना. वडील दुसरीकडे, खासगीत होते. रेमडेसिव्हिरची चिठ्ठी घेऊन मी मेडिकलच्या रांगेत उभा, तेवढ्यात फोन आला. अमरधामला रात्री उशिरा नंबर लागला, चेहरा लांबूनच दाखवला. दवाखान्याने हातात एक कॅरीबॅग दिली. चष्मा, कवळी, चार्जर, बिस्किटांचा अर्धा पुडा. वर बॉलपेनने आडनाव, तेही चुकीचं.

वर्षश्राद्धाला माणसं जमली. पंगतीत कुणी विचारलं, "काय झालं होतं हो?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "अटॅक. झोपेतच गेला." माझ्या हातात वरणाचं पातेलं. म्हटलं, "कोरोनाने गेले, काका. ऑक्सिजनवर होते." पंगत चिडीचूप. मग आत बोलावून मला झापलं, "चारचौघांत शोभा करतोस? झालं गेलं गंगेला मिळालं." आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पण त्या वर्षी अस्थीसुद्धा गंगेला वेळेवर मिळाल्या नाहीत. आणि साथीने माणूस मेला यात लाज कसली?

साथ लक्षात राहते ती कुणावर तरी राग काढता आला तरच. पुण्याचा १८९७ चा प्लेग शाळेत शिकवतात तो रँड आणि चापेकरांमुळे. आमच्या भगूरला १८९९ मध्ये सावरकरांचे वडील प्लेगनेच गेले, हे तिथला वाडा बघायला येणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं? १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, देशात कोटीच्या वर माणसं मेली. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली! तिच्या नावाची साधी पाटी मी कुठे पाहिलेली नाही. लंडनमध्ये कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांनी सरकारची वाट न बघता पार्लमेंटसमोरच्या भिंतीवर लाल बदाम रंगवले. आपण भिंत सोडा, पंगतीतही नाव काढत नाही.

पुढे जाण्याचं म्हणाल तर समाज आपोआप जातो, पोट कुणाला चुकलंय? तुमच्या घरात कुणी गेलं असेल तर मात्र कारण खरं सांगा. "सोड ना आता" म्हणणारे बहुतेकदा अमरधामच्या फाटकापर्यंतही आलेले नसतात. आमचे काका आले नव्हते. (भीती होती, मान्य. सगळ्यांनाच होती.)

प्रत्येकाने बोललंच पाहिजे असंही नाही. आई यावर अजून चकार शब्द काढत नाही, मीही विचारत नाही. पण ती स्वतःहून गप्प आहे, तिला कुणी गप्प बसवलेलं नाही.

आणि हो, मृतांच्या घरच्यांना सरकारचे ५०,००० रुपये मिळायला लागले तेव्हा, म्हणजे त्या वर्षश्राद्धाच्या आधीच, याच काकांचा मला फोन आला होता. त्यांच्या सासरवाडीतल्या कुणाचा तरी अर्ज भरायचा होता, कागद काय काय लागतात म्हणून. म्हटलं, कोरोनानेच गेल्याचा पुरावा लागतो. म्हणाले, "आहे ना, सगळं फाइलला लावून ठेवलंय."