वाचक विचारतात : रस्सीखेचीच्या सिनेमात हसू कुठून आणायचं?

प्रश्न : ऊसतोडीला जाणाऱ्या आठ बायका तालुक्याच्या रस्सीखेच स्पर्धेत उतरतात, अशी पटकथा लिहिली आहे. वाचणारे म्हणतात, गोष्ट चांगली आहे, पण हसू येत नाही. घसरणं, आपटणं, चिखलात लोळणं सगळं घातलं आहे. काय कमी पडतंय?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : खेळाचे नियम कमी पडताहेत. घसरून पडणारं माणूस एकदा हसवतं, तिसऱ्यांदा पडलं की प्रेक्षक मोबाईल काढतो. नियम माहीत असलेला प्रेक्षक मात्र पडण्याआधीच हसायला लागतो, कारण आता काय होणार ते त्याला दिसत असतं आणि दोर धरलेल्या बायांना दिसत नसतं. म्हणून पहिल्या वीस मिनिटांत खेळ समजावून टाका. भाषण देऊन नाही, एक सामना हरवून.

आंतरराष्ट्रीय नियमांत एका बाजूला आठ जण असतात. दोर किमान 33.5 मीटर लांब, घेर 10 ते 12.5 सेंटिमीटर. दोराच्या मध्यावर एक खूण आणि तिच्या दोन्ही अंगांना 4 मीटरवर एकेक खूण. समोरच्यांच्या बाजूची 4 मीटरची खूण जमिनीवरच्या मधल्या रेषेच्या अलीकडे आणली की ओढ जिंकली. तीनपैकी दोन ओढी घेणारा संघ पुढे जातो. हातमोजे चालत नाहीत. पंच आधी दोर उचलायला सांगतो, मग ‘टेक द स्ट्रेन’ (दोर ताणा), मग ‘स्टेडी’ (स्थिर राहा) आणि शेवटी ‘पुल’ (ओढा). ‘स्टेडी’ आणि ‘पुल’ यांच्यात किती वेळ जाईल ते पंचाच्या हाती असतं, आणि नवखा संघ नेमका तिथेच फसतो.

आता चुका पाहा. ‘टेक द स्ट्रेन’च्या आधी टाचेने जमीन उकरून खड्डा केला तर चूक. बसलात किंवा पावलांखेरीज दुसरं अंग जमिनीला टेकवून राहिलात तर चूक. एका ओढीत दोन ताकिदी मिळतात, तिसऱ्या वेळी संघ बाद. तुमच्या कथेसाठी सोन्यासारखी चूक मात्र वेगळीच आहे : हातावर हात टाकत दोर आवळत नेणं. विहिरीतून पोहरा ओढलेल्या प्रत्येक बाईचे हात तसेच चालतात. पहिल्या सामन्यात तुमच्या आठ जणींनी दोर सरासरा ओढून घ्यावा, गावकऱ्यांनी फेटे उडवावेत आणि दोन ताकिदींनंतर पंचाने त्यांनाच बाद करावं. जन्मभराचं कौशल्य मैदानात गुन्हा ठरतं, यात विनोद आहे आणि बायांचा अपमानही होत नाही.

दुसरा साठा वजनात आहे. स्पर्धा वजनगटांत होते आणि मोजलं जातं ते आठ जणींचं एकत्र वजन. महिलांच्या एका गटाची मर्यादा 540 किलो आहे, म्हणजे सरासरी साडेसदुसष्ट. तुमच्या बाया सरासरी 50 किलोच्या धरल्या तर संघ 400 किलोचा झाला, समोरच्यांपेक्षा 140 किलोने हलका. मग गावात ज्या बाईच्या अंगावरून सगळे बोलत आले, तिच्याच दारात संघाला विनवायला जावं लागेल. ती 85 किलोची असेल तर उरलेल्या सात जणींसाठी 455 किलो राहतात, प्रत्येकीला 65. म्हणजे तिला घेऊनही बाकीच्यांना पंधरा-पंधरा किलोची मोकळीक आहे. जाड बाईवर हसण्याऐवजी प्रेक्षक तिच्या होकाराची वाट पाहत हसतील. तिला शेवटी उभी करा. त्या जागेला अँकर म्हणतात. दोर तिच्या काखेखालून पाठीवर तिरपा जातो, दुसऱ्या खांद्यावरून पुढे येतो आणि काखेखालून मागे सुटतो. गाठ मारायची नाही, शेपूट मोकळं ठेवायचं.

वजन करायला त्या कारखान्याच्या वजनकाट्यावर गेल्या तर प्रसंग आपोआप तयार होतो. ट्रक-ट्रॅक्टरचे काटे साधारण 5 किंवा 10 किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात. तिथे 540 आलं म्हणून संघ खुशीत निघेल आणि स्पर्धेच्या काट्यावर चार किलो जास्त भरतील. ही गंमत खोटी वाटणार नाही, कारण काट्याचा तो स्वभावच आहे.

एक सूचना कळकळीने. मुकादमाला प्रशिक्षक करायचा मोह होईल. हाळी देऊन माणसं एका तालात चालवणं त्याला येतं, म्हणून तो शोभेलही. पण त्याने उचल (आगाऊ पैसे) दिलेली आहे आणि बाया ती फेडताहेत. हे नातं चित्रपटात स्वच्छ दिसलं पाहिजे. तो निव्वळ मजेशीर मामा झाला तर बीडचा प्रेक्षक पहिल्या अर्ध्या तासात तुमच्यावरचा विश्वास काढून घेईल.

प्रश्न : असा दुबळा संघ शेवटी जिंकलाच पाहिजे का? हरला तर लोक नाराज होऊन बाहेर पडतात.
– एक प्राध्यापिका, लातूर

उत्तर : हरल्यामुळे कुणी नाराज होत नाही. आपण नेमकं कशासाठी इतका वेळ श्वास धरला होता, ते कळलं नाही की नाराज होतात. 1988 च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फ न पडणाऱ्या जमैकाचा चौघांचा बॉबस्लेड (बर्फावरून घसरणारी गाडी) संघ उतरला. तिसऱ्या फेरीत गाडी उलटली. चौघे बाहेर आले आणि गाडीसोबत चालत शेवटपर्यंत गेले. स्पर्धेच्या हिशेबात त्यांची नोंद अपूर्ण राहिली, तरी तो क्षण आजही लोकांच्या आठवणीत आहे. तोच देश 1994 मध्ये लिलहॅमरला चौघांच्या शर्यतीत 14वा आला. सिडनीत 2000 साली इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसाम्बानी 100 मीटर पोहायला आला. 50 मीटरचा तलाव त्याने त्याआधी पाहिलाही नव्हता. बरोबरचे दोघे चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले आणि तो एकटाच पोहला, वेळ 1 मिनिट 52.72 सेकंद. शेवटच्या पट्ट्यात प्रेक्षागार उभं राहून त्याला ओरडून पुढे ढकलत होतं, कारण आता प्रश्न पदकाचा उरलाच नव्हता. हा माणूस भिंतीला हात लावतो की नाही, एवढाच होता.

तुमच्या संघालाही असं एक मोजता येणारं उद्दिष्ट द्या आणि ते पहिल्या तासात प्रेक्षकांच्या कानावर घाला. एकही ताकीद न घेता एक ओढ पूर्ण करायची, किंवा मागच्या वर्षी पाच सेकंदांत ज्यांनी ओढून नेलं त्यांच्यासमोर मिनिटभर टिकायचं. ते साधलं की अंतिम सामना हरला तरी चित्रपट जिंकतो. सराव आठ जणींनी करून शेवटी एखाद्या शहरी प्रशिक्षकाच्या युक्तीने जिंकवू नका.

मुदतही लागते. मराठवाड्यात ती शोधावी लागत नाही. टोळ्या दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, म्हणून संघाकडे पावसाळ्याचेच महिने आहेत. अंतिम सामना 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, तालुक्याच्या मैदानावर ठेवा. झेंडावंदन, शाळेची पोरं, बँड, सगळी गर्दी कथेतच येते. आणि पाऊस पडून गेलेली काळी माती. तिच्यात टाच रुतते, पण धरून राहत नाही, चिखलाचा गोळा बुटाला चिकटून येतो. हलका संघ तिथे वजनाने नाही, पावलांच्या तालाने टिकतो. आठही जणी एकाच वेळी बोटभर मागे सरकल्या तर दोर येतो, एकेकीने हिसके दिले तर नाही.

प्रश्न : कलाकारांना रस्सीखेच येत नाही. चित्रीकरण खरं कसं दिसेल? कॅमेरा आणि दोर याबद्दलही सांगा.
– नाट्यसंस्थेचे कार्यकर्ते, परभणी

उत्तर : आधी दोर. दुकानात घेराची भाषा चालत नाही, व्यासाने मागा : 32 ते 40 मिलिमीटर, मनिला किंवा तागाचा, मध्ये जोड नसलेला. नायलॉन नको. तो ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा परततो. 1997 मध्ये तैपेईत दीड हजारांहून अधिक लोकांच्या ओढीत नायलॉनचा दोर तुटला आणि दोघांचे हात तुटले. कासरे वळून केलेला दोर गोष्टीत दाखवायचा असेल तर दाखवा, पण त्यावर खरा जोर लावू नका. मनगटाभोवती वेढा, हाताचा फास, गाठ यातलं काही नाही. पटकथेत लिहिलेलं असलं तरी नाही.

किमान महिनाभर सराव द्या. नवखे हातांनी ओढतात, म्हणून अर्ध्या मिनिटात मनगटं उतरतात. हात सरळ, दोर दंड आणि बरगड्यांच्या मध्ये, अंग मागे कललेलं, काम मांड्यांचं. सरावासाठी लोखंडी घोडा (ओझं टांगायची उभी चौकट), मजबूत कप्पी आणि 200 लिटरचा पिंप घ्या. पिंप आधी पाण्याने अर्धा भरा. पूर्ण भरला की 200 किलोंच्या वर जातो, आठ जणांत प्रत्येकी पंचवीसेक येतात. विहिरीवरची कप्पी बादलीसाठी असते, ती वापरू नका. लिंबाची फांदीही नको. पिंपाखाली कुणी उभं राहणार नाही, यासाठी एक माणूस नेमा आणि त्याला दुसरं काम देऊ नका.

ऊसतोडीच्या बाया साडीवर पुरुषी शर्ट घालतात, तो तसाच ठेवा. दिसायला खरा आहे आणि काख सोलण्यापासून वाचते. साडीचा काठ टाचेखाली येणार नाही असा वर खोचून दोन टाके मारा. दोन संघांचे रंग लांबून ओळखता आले पाहिजेत आणि कॅमेरा दोराच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. बाजू बदलली की कोण जिंकतंय ते प्रेक्षकाला कळेनासं होतं आणि सगळा ताण फुकट जातो.

कॅमेऱ्याच्या तीन जागा पुरतात. एक आडवी, मधली रेषा आणि दोरावरची खूण दिसेल अशी. ही नसली तर सामना समजतच नाही. दुसरी गुडघ्याच्या उंचीवर दोराच्या टोकाजवळ, लांब लेन्सने, म्हणजे आठ चेहरे एकामागे एक दाटून दिसतात. तिसरी फक्त टाचांवर. 25 फ्रेमला शटर 1/50, संथ हालचालीसाठी 100 फ्रेमला 1/200. संथ दृश्यं कमीच ठेवा. विनोदाची वेळ खऱ्या वेगातच साधते.

बहुतेक जण विसरतात ती गोष्ट म्हणजे जमीन. पहिल्या टेकमध्येच टाचांचे चर पडतात. दुसऱ्या टेकला संघ त्याच जागी आला की ‘टेक द स्ट्रेन’च्या आधीच खड्डे दिसतात, आणि तीच तर चूक तुम्ही प्रेक्षकांना शिकवलेली असते. म्हणून प्रत्येक टेकला दोन मीटर बाजूची कोरी पट्टी घ्या आणि ओढी कथेच्या क्रमानेच चित्रित करा. सप्टेंबरच्या पावसावर भरवसा ठेवण्यापेक्षा मुरमाच्या मैदानावर काळी माती पसरून टँकरने भिजवणं सोपं. खाली पाय घट्ट राहतो, वर चिखल दिसतो. उन्हाळ्यात काम असेल तर सकाळी साडेसहा ते दहा आणि चारनंतर. एप्रिल-मेच्या दुपारी जोर लावायला लावणं धोक्याचं आहे.

श्वास, दोराची करकर, हाळी आणि शिट्टी चित्रीकरण संपल्यावर त्याच मैदानावर वेगळी ध्वनिमुद्रित करा. वाऱ्यात यातलं काहीही नीट येत नाही.

प्रश्न : बोली किती ठेवावी? पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पूर्ण ठेवा. रागाचं, लाजेचं आणि हसण्याचं बोलणं वाक्याच्या लयीतून समजतं. फक्त जिल्हे मिसळू नका. बीडच्या बाईच्या तोंडी नांदेडचा हेल आला की मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला लगेच खटकतं. आठपैकी निदान चार जणी त्याच भागातल्या घ्या आणि संवाद त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. त्या जिथे अडखळतात तिथे वाक्य बदलायचं.

प्रश्न : सराव म्हणून बाया बैलजोडीशी रस्सीखेच करतात, असा प्रसंग आहे. करता येईल?
– एक वाचक, जालना

उत्तर : खऱ्या बैलांवर ओढ लावून नाही. चित्रपटात जनावरं वापरायची तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी घ्यावी लागते, आणि सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी मंडळाचं ना-हरकत पत्र लागतं. यात वेळ जातो. अर्जात प्रसंग जसा लिहाल तसाच चित्रित करावा लागतो, आणि जनावराला ताण देणारा प्रसंग मंजूर होईल अशी आशा धरू नये. बैल नुसते उभे दाखवा, दोर चौकटीबाहेर नेऊन सरावाच्या लोखंडी घोड्याला बांधा, आणि बैलांनी रवंथ करत बायांकडे पाहावं. परवानगी एवढ्यासाठीही लागतेच. चित्रीकरणाची तारीख ठरवण्याआधी अर्ज पाठवा.